मॅडम, आता बरोबर?

ठाणे,
रविवार, ११ जानेवारी २०२६

प्रिय अंजू,

आधी शिव्या घालून घे. दिवाळीत तुझे दोन फोन येऊन गेले, मी 'नंतर करते' म्हणाले, आणि ते नंतर आज उजाडलं, तेही पोस्टाने. फोनवर हे जमलं नसतं. तू मध्येच हसली असतीस, मग मीही हसून विषय गुंडाळला असता. तब्येत ठीक. शुगर काठावर, खडूचा खोकला, बाकी गाडी चालू.

झालंय असं, की मी खोटं रीडिंग लिहिलं. म्हणजे लिहून घेतलं. ५८ पोरांकडून.

हो, मीच. हस आता.

आठवी ब, धडा 'आम्ल, आम्लारी ओळख'. मोठ्या बाई बुधवारी पाठ निरीक्षणाला येणार हे मंगळवारी दुपारी कळलं. मी म्हटलं, या की. २१ वर्षं कंपनीच्या क्यूसीत, म्हणजे माल तपासायच्या लॅबमध्ये काढलीत; टायट्रेशन, म्हणजे थेंब थेंब टाकून आम्ल-आम्लारी मोजणं, झोपेतही करीन. हळदीच्या कागदाला साबण लावून लाल करून झालं होतं, लिटमसचा पोरांना वीट आला होता, म्हटलं आता फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी दाखवू, आम्लारीत गुलाबी होणारा आणि पुरेसं आम्ल पडलं की रंग सोडणारा तो इंडिकेटर. पण निम्मी शाळा पालिका निवडणुकीच्या कामात, लॅबच्या कपाटाची किल्ली ज्याच्याकडे तो शिपाईही त्यातच. किल्ली मिळाली तासाच्या दहा मिनिटं आधी. तराजूचा काटा कधीचाच मोडलेला. मग मी काय केलं असेल? कॉस्टिक सोड्याच्या गोळ्या (जहाल आम्लारी), प्लॅस्टिकचा चमचा, अंदाजपंचे दोन चमचे बीकरभर पाण्यात. बीकर हाताला चांगलं गरम लागलं गं. तेव्हाच कळायला हवं होतं. रबाळ्याच्या कंपनीत एखाद्या ट्रेनीने असं केलं असतं तर मी त्याला गेटच्या बाहेर काढलं असतं.

इंडिकेटरचे चार थेंब टाकले. काय सुंदर गुलाबी आला! अख्ख्या वर्गाचं "ओऽऽ" झालं. मी फळ्याकडे वळून समीकरण लिहायला लागले. (फलक लेखन कौशल्य, आम्हाला बी. एड.ला त्याचे मार्क होते.) लिहून वळते तर बीकरमध्ये नुसतं पाणी दिसतंय. आम्लाचा थेंबही पडला नव्हता आणि रंग गायब.

मोठ्या बाई मागच्या बाकावर खाली मान घालून फॉर्म भरत होत्या. तासाला नऊ मिनिटं उरलेली. मी ड्रॉपर उचलला, आम्ल टाकलं आणि मोठ्याने विचारलं, "गुलाबी रंग गेला, म्हणजे काय झालं?" वर्ग एका सुरात, "उदासिनीकरण!" मग मी निरीक्षण सांगितलं आणि सगळ्यांनी उतरवून घेतलं: 'आम्ल थेंब थेंब टाकल्यावर गुलाबी रंग नाहीसा झाला.' बाईंनी फॉर्मवर 'उत्तम' लिहिलं. 'प्रयोगातून अध्यापन' याखाली दोन रेघा.

रात्री भांडी विसळताना डोक्यात प्रकाश पडला. अल्कली, म्हणजे आम्लारी, फार तीव्र असली की फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी आपोआप फिका पडत जातो आणि एक-दोन मिनिटांत उडतो. आपणच टी. वाय.ला पाठ केलेलं. म्हणजे प्रयोग फसलाच नव्हता. बीकर खरं बोलत होतं, खोटं मी बोलले.

तरीही मी गप्प बसले असते. खरं सांगते. सिलॅबस मागे पडलाय, हे एवढंसं, कोण बघतंय. पण शुक्रवारी वह्या तपासायला घेतल्या. साहिल म्हणून एक आहे, खिडकीपाशी बसतो, बाप कळव्यात रिक्षा चालवतो, हा मुलगा तासाला कधी तोंड उघडत नाही. त्याच्या वहीत लिहिलेलं: 'मॅडम फळ्यावर लिहित होत्या तेव्हाच रंग गेला. मग मॅडमनी आम्ल टाकलं. तेव्हा काही झालं नाही.'

५८ वह्यांत एकच खरं निरीक्षण. आणि अंजू, माझ्या हाताने त्याला लाल गोल केला. शेजारी 'पुन्हा लिही'. सवयीने, ढिगातली तिसावी-बत्तिसावी वही असेल, डोकं चालतच नव्हतं. मधल्या सुट्टीत तो वही घेऊन आला. आधीच्या तिन्ही ओळींवर पट्टीने एकेक आडवी रेघ मारलेली, खालचं सगळं वाचता येईल अशी, आणि खाली माझं वाक्य सुवाच्य अक्षरात. "मॅडम, आता बरोबर?"

कंपनीत मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी काय शिकवायचे? खाडाखोड नाही, व्हाइटनर नाही. चुकलं तर एकच आडवी रेघ, जुनं वाचता आलं पाहिजे, सही, तारीख. त्या पोराने न सांगता तसंच केलं होतं, फक्त उलटं. खरं खोडून खोटं लिहिलं होतं. आणि मी सही केली, तारीख टाकली.

आता तुला कॉलेजमधलं ९.८ आठवलं असेल. मला तर शुक्रवारपासून दुसरं काही आठवत नाहीये. खाडीच्या बाजूची लॅब, ओहोटीचा तो वास, तुझं ब्युरेट, ती मापाची नळी, १०.४ दाखवतंय आणि तू वहीत ९.८, ९.८, ९.८ आणि सी.बी.आर. (जुळलेलं पक्कं रीडिंग) ९.८ असं झोकात लिहून मोकळी. आणि मी भर लॅबमध्ये "हे खोटं आहे" म्हणून ओरडले, बगळ्याला, आपल्या प्रॅक्टिकलच्या सरांना, ऐकू जाईल असं. ते मुद्दाम नव्हतं असं मी २६ वर्षं सांगत आलेय. थोडं मुद्दाम होतं. तुला प्रॅक्टिकलला माझ्यापेक्षा जास्त पडायचे, ते मला सहन व्हायचं नाही. मग चार महिने अबोला, आणि शेवटी मामलेदारच्या मिसळीवर नाक गळत असताना तू म्हणालीस, "तुला माणसापेक्षा ब्युरेट खरं वाटतं." मी ते कौतुक समजले होते.

घरी बोलले. श्री म्हणाला, "आठवीची पोरं आहेत, विसरतील." त्याचं चुकत नाही, पण हा माणूस टॅक्सच्या रिटर्नमध्ये एक रुपया इकडेतिकडे झाला तर रात्रभर जागतो. आईंना सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणून म्हणत होते, या वयात कशाला." त्यांचा आक्षेप पगारावर आहे. विनाअनुदानित शाळेत मला महिन्याला मिळतात ते आधी कंपनी नुसते ओव्हरटाइमचे द्यायची. प्लांट हलला तेव्हा सगळे म्हणाले, दुसरीकडे लाग, अनुभव आहे. मीच हट्टाने बी. एड. धरलं. सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा दिली, ४३व्या वर्षी २२ वर्षांच्या पोरींबरोबर दोन वर्षं बसले. आपल्या वेळी एका वर्षात उरकायचं गं! पहिल्या महिन्यात त्या मला मॅडम म्हणायच्या, तिसऱ्यापासून काकू. टीईटीला, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेला, १५० पैकी ९० लागतात, मला ९७ पडले. तेव्हा मला वाटलं होतं, जिंकले. आणि आता गंमत बघ, सप्टेंबरात सुप्रीम कोर्टाचा निकाल आल्यापासून पंधरा-पंधरा वर्षं शिकवणारे सर बालमानसशास्त्राच्या नोट्स मागायला माझ्याकडे येतात. दोन वर्षांत टीईटी पास व्हा म्हटल्यावर काय करतील बिचारे! त्यांना मी काय शिकवणार, सांग.

बी. एड.मधलं सूक्ष्म अध्यापन तुला सांगितलं होतं ना? सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं चुका ऐकून घ्यायच्या, बारा मिनिटं परत आखायचं, मग तोच भाग पुन्हा सहा मिनिटं शिकवायचा. तेव्हा पोरखेळ वाटायचा. खऱ्या शाळेत तेवढं पुन्हा शिकवायचंच कुठे बसत नाही. ३५ मिनिटांनी घंटा होते आणि भूगोल येतो.

मला नेमकं काय खातंय ते सांगते. २१ वर्षं मी खरी राहिले, कारण डोक्यावर ऑडिट होतं, की मी तशी होते म्हणून? इथे ऑडिट नाही. मागच्या बाकावर एक फॉर्म आणि समोर ५८ जणं, मी सांगेन ते खरं मानणारी. पहिल्याच कसोटीला माझा रंग उडाला.

बरं, तुझं काय? तनूच्या ॲडमिशनचं शेवटी काय ठरलं? सासूबाईंचा गुडघा? नीताकडून कळलं की तू दुकानाचा मागचा गाळा घेतलास. पेढे कुठायत? सविस्तर विचारीन गं, आज डोकं एकाच जागी अडकलंय.

या आठवड्यात मतदानासाठी शाळेचे वर्ग जातील, त्यामुळे आठवी ब मला १९ तारखेच्या सोमवारीच मिळेल, तिसरा तास. काल जांभळी नाक्यावरून सोनारासारखा छोटा काटा आणला. ४ ग्रॅम कॉस्टिक, एक लिटर पाणी. एक पातळ बीकर, एक परवासारखं जहाल, दोन्ही शेजारी ठेवायची आणि साहिलला टेबलाशी उभा करायचा. इथपर्यंत सगळं तयार आहे. त्याच्या आधी वर्गासमोर उभं राहून काय म्हणायचं, ते येत नाही. चार वेळा कागदावर लिहिलं, चारही वेळा पाठ टाचण झालं: उद्दिष्ट, कृती, मूल्यमापन.

म्हणून तुला विचारते. त्या ९.८च्या दिवशी तू टेबलावरून उठून गेलीस, पाच मिनिटांनी परत आलीस आणि सरळ बगळ्यापाशी जाऊन काहीतरी बोललीस. तो तुला रागावलासुद्धा नाही, नवी वही घे म्हणाला. तू काय बोललीस ते मी कधी विचारलं नाही, कारण मला वाटायचं, मी जिंकलेय. पत्र गुरुवार-शुक्रवारपर्यंत पोचेल. रविवारी फोन कर आणि ते वाक्य सांग. जसंच्या तसं सांग.

तुझी,
मंगल

ता. क. लोणच्याची बरणी अजून माझ्याकडेच आहे. रिकामी देणार नव्हते म्हणून राहिली, आता त्यात लिटमस ठेवलाय. ती परत मागू नकोस.