टॉर्पेडो घेताय, तर विमानासकट घ्या

मा. श्री. राजनाथ सिंह,
संरक्षणमंत्री, भारत सरकार

सादर नमस्कार.

२३ ऑक्टोबर २०२५ रोजी आपल्या अध्यक्षतेखाली संरक्षण खरेदी परिषदेने सुमारे ७९ हजार कोटींच्या प्रस्तावांना मंजुरी दिली. त्यात नौदलासाठी प्रगत हलका टॉर्पेडो, म्हणजे पाण्याखालून स्वतः धावत जाऊन लक्ष्यावर फुटणारं अस्त्र आहे, विशाखापट्टणमच्या एनएसटीएल या संरक्षण प्रयोगशाळेने घडवलेलं. त्याबद्दल आपलं आणि तिथल्या शास्त्रज्ञांचं मनापासून अभिनंदन. पण मंजुरीनंतर करार येतो, आणि त्या करारात काय लिहिलं जातं यासाठी हे पत्र.

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने आपली ‘खुकरी’ युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. तिचे कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाजासोबतच गेले. खुकरीवर पाणबुडीविरुद्ध वापरायला लिंबो मॉर्टर, म्हणजे पाण्यात स्फोटकं फेकणारी तोफ होती, पल्ला जेमतेम किलोमीटरभर. पाणबुडी त्याच्या कितीतरी लांबून टॉर्पेडो सोडू शकते. आज पाकिस्तान चीनकडून आठ नव्या पाणबुड्या घेतो आहे. पहिली एप्रिल २०२४ मध्ये वुहानला पाण्यात उतरली. त्या वर्गाचं नावही हंगोरच ठेवलं आहे. बॅटरी भरायला वारंवार वर यावं लागू नये अशी यंत्रणा त्यांच्यात आहे, म्हणजे त्या हुडकणं आणखी कठीण.

अशा पाणबुडीला गाठायचं तर वरून. हलका टॉर्पेडो हलका ठेवतात तो त्यासाठीच. आपला ‘श्येन’ २०१२ मध्ये नौदलाकडे सुपूर्द झाला, त्याचं वजन सुमारे २२० किलो. विमानातून सुटला की आधी पॅराशूट उघडतं, मग तो नाकावर पाण्यात शिरतो आणि पॅराशूट गळून पडतं. समुद्राचं खारं पाणीच आत शिरून बॅटरी जागी करतं. तिथून पुढे तो घेरे घेत, स्वतःच्या सोनारने, म्हणजे ध्वनिलहरींनी शोधणाऱ्या यंत्राने, कानोसा घेत एकटाच शोध करतो. नौदलाच्या आयएल-३८ या टेहळणी विमानातून तो टाकून पाहिलाही गेला. पण ती विमानं ३१ ऑक्टोबर २०२३ ला इथे गोव्यात, दाबोळीच्या आयएनएस हंसा या नौदलाच्या हवाई तळावरून निवृत्त झाली. १९७७ पासून गोव्याच्या आकाशात ती सवयीची होती.

त्यांची जागा घेणारी पी-८आय ही अमेरिकन विमानं आता हंसावर आहेत, आणि कोचीला एमएच-६०आर हेलिकॉप्टरं. दोन्ही उत्तम. मात्र दोन्हींसाठी आपण टॉर्पेडो घेतला तो अमेरिकेचा एमके-५४. लढाई लांबली आणि साठा संपत आला, तर पुढचा टॉर्पेडो कधी येणार हे वॉशिंग्टन ठरवणार. म्हणून विनंती अशी की, नवा टॉर्पेडो या दोन्हींवर बसवण्याचं काम, म्हणजे विमानाच्या संगणकाशी जुळवणी, पॅराशूट, टाकून पाहण्याच्या चाचण्या, सगळं खरेदीच्या करारातच मुदतीसह लिहा. हे ‘पुढे बघू’ म्हणून मागे ठेवलं, तर मागेच राहील. उत्पादक कंपनीशी बोलणी अवघड जातील हे मान्य. पण अमेरिकेकडून पुढची कुठलीही मोठी खरेदी करताना आपल्या हातात वजन असतं, ते इथे वापरावं.

दुसरी गोष्ट सरावाची. दुसऱ्या महायुद्धाआधी अमेरिकेने पैसे वाचवायला मार्क-१४ टॉर्पेडोच्या पुरेशा खऱ्या चाचण्याच घेतल्या नाहीत. युद्ध सुरू झालं तेव्हा ते ठरवल्यापेक्षा खोल जात, जपानी जहाजावर आदळूनही फुटत नसत. कप्तान तक्रार करत आणि खापर त्यांच्याच नेमबाजीवर फुटे. सगळे दोष निस्तरायला १९४३ उजाडलं.

वसईजवळच्या किल्ल्याचं नाव मिळालेली ‘अर्नाळा’ युद्धनौका जून २०२५ मध्ये नौदलात आली. उथळ पाण्यातल्या पाणबुडीविरोधी १६ जहाजांपैकी ती पहिली, आणि हलका टॉर्पेडो तिच्यावरही आहे. उथळ पाण्यात सोनारला तळाचा प्रतिध्वनी येतो, पृष्ठभागाचाही येतो, आणि पाण्याच्या तापमानाचे थर ऋतूप्रमाणे बदलतात. मे महिन्यात चाललेलं गणित ऑक्टोबरमध्ये चालेलच असं नाही. म्हणून सरावाचे, पुन्हा वर काढून वापरता येणारे टॉर्पेडो भरपूर मागवा, आणि ते कोकण-गुजरातच्या किनाऱ्यालगत पावसाळ्याआधी व नंतर, दोन्ही वेळा सोडले जातील एवढी तरतूद दरवर्षी वेगळी ठेवा. काटकसर करायची वेळ आली तर ती संख्येत करा, सरावात नको.

करार झाल्यावर गोपनीयता सांभाळून एवढं तरी संसदेत सांगावं: हा टॉर्पेडो कोणत्या विमानांवर आणि कोणत्या वर्षापर्यंत बसणार.

आपला नम्र,
एक नागरिक, वास्को, गोवा
नोव्हेंबर २०२५