व्यवसायाच्या टार्टनला टूम म्हणू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला टार्टनवरचा, म्हणजे स्कॉटलंडच्या रंगीत चौकडीच्या विणलेल्या कापडावरचा, लेख काल वाचला आणि संताप आला. पाद्र्यांचा टार्टन, वैमानिकांचा टार्टन, हॉस्पिटलांचे टार्टन अशी नावं घेत लेखकांनी सगळ्यांना मिळून ‘बाजारू टूम’ ठरवून टाकलं आहे. खरा टार्टन म्हणे स्कॉटिश कुळांचाच, तोही हजार वर्षांचा. लेखकांबद्दल आदर आहे, त्यांचे प्रवासलेख मी आवर्जून वाचते. पण छापण्याआधी कुणीतरी शहानिशा करायला हवी होती.

कुळांचे म्हणून जे टार्टन आज एडिंबराच्या दुकानांत टांगलेले दिसतात, त्यांतले बहुतेक एकोणिसाव्या शतकात ठरले. स्कॉटलंडमधलं बंड मोडणाऱ्या कलोडनच्या लढाईनंतर 1746 मध्ये डोंगराळ भागातल्या पुरुषांच्या पोशाखावर बंदी आली, ती 1782 मध्ये उठली. स्कॉटलंडमधल्या बॅनकबर्न गावच्या विल्सन विणकरांकडे कित्येक नमुने आधी नुसत्या आकड्यांनी ओळखले जात, कुळांची नावं त्यांना मागाहून चिकटली. 1822 मध्ये ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला, कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉटनी स्वागताचा थाट मांडला आणि जो तो आपल्या कुळाचा टार्टन शोधायला धावला. पुढे सोबिएस्की स्ट्युअर्ट म्हणवून घेणाऱ्या दोन भावांनी जुन्या हस्तलिखिताचा हवाला देऊन 1842 मध्ये नमुन्यांचा ग्रंथ छापला. मूळ हस्तलिखित त्यांनी कधीच दाखवलं नाही. त्यातले नमुने मात्र आजही कुळांचे म्हणून मिरवतात. उलट ब्रिटिश सैन्यातल्या ब्लॅक वॉच या स्कॉटिश पलटणीचा गडद हिरवा-निळा टार्टन अठराव्या शतकातला आहे, आणि तो कुळाचा नाही, शिपाईगिरीचा आहे. मग टूम कशाला म्हणायचं?

व्यवसायाच्या टार्टनचं मला मोल वाटतं ते त्याचा जन्म लपवलेला नसतो म्हणून. कॅनडाच्या हवाई दलाचा टार्टन 1942 चा, ग्रुप कॅप्टन एल्मर फुलर्टन यांनी आखलेला. फिका निळा, गडद निळा, किरमिजी. साल माहीत, माणूस माहीत. 2008 च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये टार्टनची सरकारी नोंदवही झाली, 2009 पासून ती सुरू आहे. त्या कायद्यातल्या व्याख्येत रचना विणता येण्याजोगी हवी असं स्पष्ट म्हटलं आहे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण मी इचलकरंजीत मागांच्या खडखडाटात वाढले. वडील जॉबर, म्हणजे मागांची देखरेख-दुरुस्ती करणारे, होते, आई घरी कांड्या भरायची. चौकडीच्या कापडाला ताण्यात रंगांचा जो क्रम, तोच बाण्यात धरायचा तर किती धोटे सांभाळावे लागतात आणि एक धागा चुकला की तो कसा थानभर दिसत राहतो, हे मी पाहिलं आहे. टार्टनमध्ये दोन रंग एकमेकांना छेदतात तिथे तिसरी छटा तयार होते. सहा रंगांतून, मूळ सहा धरून, एकवीस छटा निघतात. जवळून पाहिलं तर त्या छेदांवर तिरप्या बारीक रेघा दिसतात, ट्विलच्या, म्हणजे तिरप्या विणीमुळे. कापड उलटं केलं तरी रंग तेच.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहिते आहे ते सांगते. मी इथे, स्कॉटलंडमधल्या डंडीत, हॉस्पिटलमध्ये परिचारिका म्हणून नोकरी केली. आमच्या हॉस्पिटलच्या वर्धापनदिनाला खास टार्टन करवून घेतला होता. निळ्या छटा परिचारिकांच्या गणवेशातल्या आणि त्यांच्यामधून जाणारी हिरवी पट्टी सफाईवाल्यांची, स्ट्रेचर ढकलणाऱ्यांची, कारण त्यांचे अंगरखे हिरवे. कल्पना इतकी चांगली होती की नमुन्याचा कागद भिंतीवर लागला तेव्हा आम्ही सगळ्या रांगेने बघून आलो. प्रत्यक्षात लोकरीचे विणलेले मफलर आणि टाय मिळाले विश्वस्तांना आणि बड्या डॉक्टरांना. बाकीच्यांनी खालच्या दुकानातून विकत घ्यायचे. रात्रपाळीला आमच्या वॉर्डची फरशी पुसणाऱ्या बाईंनी हौसेने एक घेतला आणि मला दाखवायला आणला. मी तो उलटा केला. मागची बाजू पांढरीफटक. पॉलिस्टरवर छापलेला होता. तिच्याच रंगाची पट्टी, आणि तिच्याच वाट्याला छापील चिंधी! मी व्यवस्थापनाला लेखी तक्रार केली. ‘आपल्या अभिप्रायाबद्दल आभार’ एवढंच उत्तर आलं. त्या बाई निवृत्त झाल्या तेव्हाही त्यांना विणलेला तुकडा मिळाला नाही. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

लेखकांना टीकाच करायची होती तर यावर करायची. एखाद्या पेशाच्या नावाने टार्टन काढायचा आणि तो पेशा करणाऱ्यांना त्याचं खरं कापड द्यायचं नाही, यावर लिहिलं असतं तर मी पहिली टाळी वाजवली असती.

लेखासोबतच्या फोटोबद्दलही बोलायलाच हवं. टार्टन म्हणून जो सदरा छापला आहे तो चक्क छापील चौकटींचा आहे, बाहीच्या दुमडलेल्या टोकाला आतला पांढरा भाग दिसतोय. विणकरांच्या गावांत आपलं वर्तमानपत्र घरोघर जातं, तिथल्या एकाही वाचकाची नजर यातून चुकणार नाही. आणि ‘आपल्याकडे कामाला जोडलेलं चौकडीचं कापड नाही’ हे वाक्य तर मला वाचवेना. कोळ्यांचा चौकडीचा रुमाल लेखकांनी मुंबईत राहून पाहिला नाही? गोव्यातल्या कुणबी बायका खांद्यावर गाठ मारून जी लाल चौकडीची साडी नेसून शेतात राबल्या, ती कुठली?

माझं मागचं पत्र आपण निम्मं कापून छापलं होतं. या वेळी जागा कमी पडली तर राजा-बिजांचा भाग खुशाल काढा, पण हॉस्पिटलचा परिच्छेद पूर्ण छापा आणि पुढच्या पुरवणीत फोटोची दुरुस्ती द्या. विणलेल्या टार्टनचा, दोन्ही बाजू दिसतील असा फोटो मी ईमेलने सोबत पाठवत आहे. तो वापरायला माझी हरकत नाही.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक निवृत्त परिचारिका
डंडी, स्कॉटलंड (मूळ इचलकरंजी)