नकाराचीही पावती द्या : रेशनच्या पॉस मशीनविषयी खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री,
अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई ४०० ०३२

विषय : आधार प्रमाणीकरण न जुळल्यास शिधापत्रिकाधारकास लेखी पावती व त्याच दिवशी धान्य मिळण्याबाबत

मा. मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

रेशनच्या दुकानात पॉस मशीनवर, म्हणजे धान्यवाटपाची नोंद करणाऱ्या यंत्रावर, अंगठा आधारच्या नोंदीशी जुळला की पावती निघते. तारीख, वेळ, कार्डाचा नंबर, किती किलो गहू, किती किलो तांदूळ, सगळे छापून हातात येते. अंगठा जुळला नाही तर पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटते, दुकानदार ‘उद्या या’ म्हणतो आणि माणूस रिकामी पिशवी घेऊन घरी जातो. आपण दुकानात गेलो होतो, याचा कोणताही पुरावा त्याच्याकडे उरत नाही. मशीनने नकार दिला तर त्या नकाराचीही पावती निघावी, एवढीच आमची मागणी आहे. पत्रातले बाकी सगळे या पावतीच्याच ओघाने येते.

मागणी किरकोळ वाटेल. पण केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये सार्वजनिक वितरण व्यवस्थेच्या नियंत्रण आदेशात केलेली दुरुस्ती तिच्या शेजारी ठेवून पाहा. सहा महिने धान्य न उचललेले कार्ड तात्पुरते बंद करायचे आणि पुढच्या तीन महिन्यांत प्रत्यक्ष पडताळणी व ई-केवायसी (आधारवरून ओळखीची डिजिटल पडताळणी) करून पात्रता ठरवायची, असे त्यात आहे. हेतूला आमचा विरोध नाही. मृतांच्या नावावर उचललेले धान्य थांबलेच पाहिजे. मात्र ‘उचल नाही’ या एकाच रकान्यात दोन वेगळी माणसे बसतात. एक आलाच नाही. दुसरा दर महिन्याला आला, पण त्याचा ठसा जुळला नाही. कार्ड बंद करणाऱ्या यादीला हा फरक दिसत नाही.

खरे तर तो फरक सर्व्हरवर नोंदलेला असतो. प्रमाणीकरणाची विनंती करणाऱ्या संस्थेने प्रत्येक व्यवहाराची नोंद दोन वर्षे जपायची, असा आधारच्या नियमावलीतच नियम आहे. यशस्वी आणि फसलेले, दोन्ही व्यवहार त्यात आले. म्हणजे नवी माहिती गोळा करायची नाही. आहे तीच माणसाच्या हाती द्यायची आहे.

यात सर्वांत जास्त कोण भरडले जाते, हेही पाहिले पाहिजे. दरमहा धान्य घेताना कार्डावरच्या कोणत्याही एका सदस्याचा ठसा चालतो. पाच जणांच्या घरात आजीचा लागला नाही तर नातू लावतो. अंत्योदय कार्डावर एकट्या राहणाऱ्या म्हातारीला नातू नसतो. महिन्याचे ३५ किलो धान्य तिच्या दहा बोटांवर अवलंबून असते. ई-केवायसीत तर प्रत्येक सदस्याची ओळख वेगळी पटवावी लागते, तिथे नातवाचीही मदत होत नाही.

बोटे का जुळत नाहीत, याची कारणे मुंबईत शोधायला लांब जावे लागत नाही. सिमेंट आणि चुना हे अल्कधर्मी पदार्थ आहेत, ते त्वचेचा वरचा थर खातात. नाक्यावरच्या गवंड्याच्या आणि बिगाऱ्याच्या बोटांवरच्या रेषा त्यामुळे झिजतात. धोबीघाटावर ब्लीचिंग पावडर तेच करते. ससून डॉकला कोळंबी सोलणाऱ्या बायकांचे हात तासन्‌तास बर्फाच्या पाण्यात असतात, बोटांना सुरकुत्या पडतात. घरोघरी भांडी घासणारीचे हात साबणाने कोरडे झालेले असतात. वय वाढले की त्वचा सैल आणि कोरडी पडते, ते वेगळेच. ठसा घेणारे उपकरण काचेवर टेकलेल्या बोटाचे चित्र घेते. कोरड्या बोटाच्या रेषा त्यात तुटक येतात, ओल्या बोटाच्या एकमेकींत मिसळतात. त्यात दुकानातल्या काचेवर पोत्यांची धूळ आणि आधीच्या पन्नास बोटांचा तेलकटपणा बसलेला. जुलैत हवेतला दमटपणा भर घालतो.

यातल्या काही अडचणी फुकटात सुटतात. काच दर तासाला मऊ कोरड्या फडक्याने पुसावी. ओले बोट पुसून घ्यावे, फार कोरडे असेल तर किंचित दमट करावे. अंगठ्याचा आग्रह सोडावा. आधार केंद्रावर दहाही बोटांचे ठसे घेतलेले असतात. मधले बोट किंवा अनामिकाही लावून पाहावी. तरी आपल्याकडे ‘अंगठा लावा’ हा शब्दच असा रुजला आहे की दुसरे बोट लावायचे कुणाला सुचत नाही.

उरलेल्या अडचणी पुसून जाणाऱ्या नाहीत, आणि त्या ओळखण्यासाठी लागणारी माहिती मशीनवर आलेली असते. आधारचा सर्व्हर नकार देताना एक क्रमांक पाठवतो. ३०० म्हणजे ठसा जुळला नाही. इथे दुसरे बोट लावून पाहण्यात अर्थ आहे. ३३० म्हणजे धारकाने आपले बायोमेट्रिक स्वतः लॉक केले आहे. इथे बोट कितीही वेळा दाबले तरी उपयोग नाही, लॉक उघडावे लागेल. ८११ म्हणजे या व्यक्तीचा ठसा मूळ नोंदीतच नाही. पाच वर्षांखालच्या मुलांचे आधार ठसे न घेताच निघते. त्यानंतर पाचव्या आणि पंधराव्या वर्षी ठसे अद्ययावत करायचे असतात, ते राहिले की पुढची अडचण ठरलेली. ९९७ म्हणजे आधार निलंबित आहे, ९९८ म्हणजे क्रमांकच सापडत नाही. बहुधा कार्डाला आधार जोडताना एखादा आकडा चुकलेला असतो आणि दुरुस्ती शिधावाटप कार्यालयात व्हायला हवी. पाच रोग, पाच औषधे. दुकानात मात्र सगळ्यांना एकच नाव मिळते : ‘अंगठा लागत नाही’. मग ज्याला शिधावाटप कार्यालयात जायचे तो आधार केंद्राच्या रांगेत उभा राहतो आणि त्याचा एक दिवसाचा रोज बुडतो.

म्हणून नकाराच्या पावतीवर हे छापावे : दुकानाचा क्रमांक, तारीख आणि वेळ, शिधापत्रिकेच्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक, कोणती पद्धत वापरली (बोट, डोळा, चेहरा की ओटीपी), कितवा प्रयत्न, नकाराचा क्रमांक आणि त्याचा मराठीत अर्थ, पुढे कुठे जायचे. आधार क्रमांक छापू नये, शेवटचे अंकसुद्धा नकोत. नेटवर्क नसल्याने विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचलीच नसेल तर तसे स्पष्ट लिहावे. मशीनला छपाई यंत्र आहेच. बदल करायचा तो सॉफ्टवेअरमध्ये.

पावती हातात आली तरी पोट भरत नाही. त्याच दिवशी धान्य मिळण्यासाठी पायऱ्या ठरवून द्याव्या लागतील. तीन वेगवेगळी बोटे. मग उपकरण असेल तिथे डोळ्याची बुबुळे. मग चेहरा. मग ओटीपी. तरी जमले नाही तर छायाचित्र असलेले दुसरे ओळखपत्र पाहून, सही घेऊन, मशीनवरच ‘अपवाद’ म्हणून नोंद करून धान्य. हे सगळे दहा मिनिटांत संपले पाहिजे. ओटीपीवर फार भिस्त ठेवू नये. आधारला जोडलेला नंबर पाच वर्षांपूर्वी बंद पडलेला असतो, किंवा मुलाचा असतो आणि मुलगा कामावर असतो.

अपवादाची सोय आम्ही नव्याने मागत नाही. आधार चालवणाऱ्या यूआयडीएआय या केंद्रीय प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१७ मध्येच रेशनसह कल्याणकारी योजनांसाठी अपवाद कसे हाताळायचे याचे परिपत्रक काढले होते. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात हक्काच्या लाभार्थ्याला केवळ प्रमाणीकरण फसल्यामुळे लाभ नाकारता येणार नाही, असे स्पष्ट केले. त्याच सुनावणीत सरकारी सेवांमध्ये प्रमाणीकरण यशस्वी होण्याचे प्रमाण ८८ टक्के असल्याचे यूआयडीएआयने सांगितले होते, आणि दूरसंचार कंपन्यांकडे ते ९७ टक्के होते. आधार तेच. फरक कुणाची बोटे आणि कुठली खिडकी, एवढाच.

मग दुकानदार अपवाद का करत नाही? त्याला दोष देणे सोपे आहे, पण त्याचा हिशेब पाहा. त्याचे मार्जिन क्विंटलमागे आहे. २०२५ मध्ये राज्याने ते १५० वरून १७० रुपये केले. वाटप मशीनवर दिसले तर मार्जिन, न दिसले तर गोदामाच्या हिशेबात तूट आणि निरीक्षकाचा प्रश्न. कागदी वहीत अपवाद लिहिणारा दुकानदार स्वतःच्या अंगावर जोखीम घेतो. अपवादाची नोंद मशीनवर झाली, तिच्यावर पूर्ण मार्जिन मिळाले, की ही भीती जाईल. याचा गैरफायदा घेणारेही निघतील, हे आम्ही नाकारत नाही. त्यावर उपाय म्हणून शिधावाटप निरीक्षकाने दर दहा अपवादांपैकी एकाच्या घरी पंधरा दिवसांत जाऊन खात्री करावी. एखाद्या दुकानात अपवाद अचानक वाढले तर आधी ठसा घेणारे उपकरण तपासावे, दुकानदाराला नंतर.

‘एक देश, एक रेशन कार्ड’ योजनेतल्या माणसासाठी हे आणखी अवघड आहे. उत्तर प्रदेशातले कार्ड घेऊन कुर्ल्यात धान्य घेणाऱ्याचे नाव इथल्या दुकानाच्या यादीत नसते, त्यामुळे दुकानदार त्याला ओळखत नाही. त्याच्यासाठी नकाराची पावती मूळ राज्याच्या यंत्रणेपर्यंत पोहोचली पाहिजे. नाहीतर सहा महिन्यांनी त्याचे कार्ड गावी बंद होईल आणि त्याला मुंबईत कळेल.

चेहऱ्याच्या पडताळणीबद्दल थोडे सविस्तर, कारण आता सगळा भर तिकडे आहे. ‘मेरा ई-केवायसी’ अ‍ॅप आणि त्याच्या जोडीचे, चेहरा टिपणारे आधार फेसआरडी घरबसल्या काम करते, ही सोय खरीच आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दुकानात उचलून न्यावे लागत नाही. पण त्यात आधी आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, मग चेहरा. म्हणजे ज्याचा नंबर बदलला तो दारातच अडकतो. चेहरा ताडला जातो तो आधारच्या छायाचित्राशी, आणि ते दहा-बारा वर्षांपूर्वीचे असू शकते. माणूस जिवंत आहे हे कळण्यासाठी पापण्या मिटायला सांगतात. ऐकू कमी येणाऱ्या, नुकतीच मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला ते वेळेवर जमत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत दारातून येणारा उजेड पाठीमागे असला की चेहरा काळा पडतो. उपाय साधा आहे, तोंड दाराकडे करून बसवावे. पण अ‍ॅप तसे मराठीत सांगत नाही.

२०१८ मध्ये चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन कंपन्यांच्या प्रणाली अमेरिकेत तपासल्या गेल्या. गोऱ्या पुरुषांबाबत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के होती, सावळ्या-काळ्या स्त्रियांबाबत ३४.७ टक्क्यांपर्यंत. ते काम वेगळे होते आणि ते आकडे आपल्या अ‍ॅपला लावता येत नाहीत. पण सरासरी यशाचा आकडा कोणत्या माणसांना झाकतो, ते त्यातून कळते. म्हणून ही यंत्रणा पुरवणाऱ्या कंत्राटदाराकडून नुसते ‘९५ टक्के यश’ घेऊ नका. वय, लिंग आणि कामाच्या प्रकारानुसार फोड मागा, ती निविदेतच लिहा, आणि नोंदींची मालकी शासनाची राहील असेही लिहा. फोटो दुकानदाराच्या किंवा मदतनिसाच्या मोबाइलमध्ये साठवला जाणार नाही, हे तपासून घ्या. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ सालचा, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत आहे. तोवर थांबायचे कारण नाही.

झारखंडमध्ये अर्थशास्त्रज्ञांनी रेशनमधल्या आधार प्रमाणीकरणाचा प्रयोगाने अभ्यास केला. सरकारचा खर्च कमी झाला नाही. ज्या २३ टक्के लाभार्थ्यांचे आधार आधी जोडलेले नव्हते, त्यांना मिळणाऱ्या लाभाचे मूल्य मात्र १० टक्क्यांनी घटले. मशीन काढून टाका, असे आम्ही त्यावरून म्हणत नाही. परस्पर धान्य उचलण्याला तिच्यामुळे आळा बसतो. पण तिची चूक कोण सोसतो, हे मोजल्याशिवाय तिचा फायदा सांगता येणार नाही.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ मध्ये धान्य न मिळाल्यास अन्न सुरक्षा भत्ता आहे (कलम ८), जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहे (कलम १५), राज्य अन्न आयोग आहे (कलम १६). या तिन्ही दारांवर पहिला प्रश्न एकच असतो : तुम्हाला धान्य नाकारले याचा पुरावा काय?

सुरुवात छोटी करता येईल. मुंबईतल्या एका परिमंडळातली दहा दुकाने घ्या, त्यात एखादे गोवंडी-मानखुर्दचे, एखादे धारावीचे, एखादे कोळीवाड्याजवळचे असू द्या. जुलैत एक महिना आणि जानेवारीत एक महिना नकाराची पावती छापा, म्हणजे पावसाचा फरकही कळेल. किती जण आले, पहिल्या प्रयत्नात किती जुळले, कोणता क्रमांक किती वेळा आला, अपवादाने किती किलो गेले, हे दुकानानिहाय शिधावाटप कार्यालयाच्या फलकावर मराठीत लावा. हे आकडे नावांशिवायचे असल्याने कुणाच्याही खासगीपणाला धक्का लागत नाही.

आणि त्याआधी एक काम आजच करता येईल. सहा महिने उचल नाही म्हणून जी कार्डे बंद करायच्या यादीत आहेत, त्यांच्या फसलेल्या प्रमाणीकरणांची नोंद सर्व्हरवरून काढून घ्या. ज्या कार्डावर एकही फसलेला प्रयत्न दिसेल, ते पडताळणी होईपर्यंत बंद करू नका. पावती छापायला वेळ लागेल, याला लागणार नाही.

आपले,
मुंबईतील शिधापत्रिकाधारकांसोबत काम करणारे कार्यकर्ते व संगणक अभियंते