वल्ही कोणाची ते आधी बघ

फोंडा, षष्ठीची रात्र

चि. मुग्धा हिस अनेक आशीर्वाद.

नेवऱ्यांचा डबा ओट्यावरच राहिला. तू गेल्यापासून आई माझ्याशी कामापुरतंच बोलते. तू खेळाचा मॉड, म्हणजे संगणकावरच्या तयार खेळात घातलेली आपली भर, विकून पैसे मिळवायचं म्हणालीस, त्यावर ‘फुकटचे उद्योग’ हे शब्द मी माटोळीखाली, गणपतीपुढे सगळ्यांसमोर बोलायला नको होते. चुकलो. रांपणीच्या, म्हणजे किनाऱ्यावर ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, पारंपरिक होडीच्या फळ्या खिळ्यांनी नाही, काथ्याने शिवतात, हे तू स्कायरिम या बर्फाच्या खेळात नेऊन दाखवलंस. दोर कुठे तंग, कुठे भिजून फुगलेला, हे टेक्स्चरमध्ये, वरच्या चित्रात, दिसतं. तात्या असते तर त्यांनी आधी भोकं मोजली असती, मग बोलले असते.

तेव्हा पैसे मिळावेत का, यावर वाद नाही. मिळावेत. काउंटर-स्ट्राइक हा हाफ-लाइफ या खेळाचा मॉडच होता. २००० मध्ये हाफ-लाइफ काढणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने तो विकत घेतला आणि करणाऱ्या दोघांना कामावर ठेवलं. मॉडमुळे मूळ खेळ वर्षानुवर्षं खपतो, मग करणाऱ्याने शाबासकीवर का भागवायचं?

माझं अडतं ते वल्ह्यांपाशी. होडी तुझी, पण वल्हवण्याचं ॲनिमेशन दुसऱ्याचं, तुझं नाही.

२३ एप्रिल २०१५ ला स्टीम वर्कशॉपवर, म्हणजे व्हॉल्व्हच्या ऑनलाइन दुकानातल्या मॉडच्या भागात, स्कायरिमचे मॉड विकायला निघाले आणि चार दिवसांत ते सगळं गुंडाळलं. मॉड करणाऱ्याला २५ टक्के, व्हॉल्व्हला ३० आणि स्कायरिम काढणाऱ्या बेथेस्डाला ४५. आपल्या वाट्याचे १०० डॉलर साठल्याशिवाय पैसा हातात नाही, म्हणजे आधी ४०० ची विक्री हवी. लोक या वाटणीवर चिडले हे खरंच, पण पहिल्याच दिवसांत एक मासेमारीचा मॉड काढून घ्यावा लागला, तो वाटणीमुळे नव्हे. तो दुसऱ्याच्या ॲनिमेशनच्या साधनावर टेकलेला होता आणि त्या दुसऱ्याला विचारलेलं नव्हतं. मासेमारी काय, होडी काय!

तुझ्या अकरावीतला नरकासुर आठव. वायपरच्या मोटरवर त्याचा हात हलायचा, विशांतने कागदाच्या लगद्याचं तोंड केलेलं. बक्षीस मिळेपर्यंत सगळं ‘आमचं’ होतं. मिळाल्यावर तोंड कोणाचं, मोटर कोणाची, वर्गणी कोणी किती काढली. जाळायच्या आधीच तू मोटर सोडवून रडत घरी आलीस. ती १२ व्होल्टची मोटर अजून माळ्यावर आहे. विशांत अजून आपल्या घरी येत नाही.

म्हणून एवढं कर. मॉडचं फोल्डर उघड आणि प्रत्येक निफ (आकार), डीडीएस (टेक्स्चर), एचकेएक्स (ॲनिमेशन) फाइलची एकेक ओळ शीटमध्ये घाल: कोणी केली, कुठून घेतली, परवानगीचा निरोप कोणत्या तारखेचा. नेक्सस मॉड्स या मॉडच्या साइटवर परवानग्यांच्या भागात विकाऊ मॉडमध्ये वापर आणि देणगी-पॉइंट (साइटकडून करणाऱ्याला मिळणारा मोबदला) मिळवणाऱ्या मॉडमध्ये वापर या दोन ओळी वेगळ्या असतात, त्या दोन्ही वाच. ‘श्रेय द्या आणि वापरा’ यात पैशाची परवानगी येत नाही. ज्या ओळीला तारीख नाही, ती फाइल काढ किंवा स्वतः कर. वल्ह्यांच्या ओळीला तारीख नाही, हे तूच म्हणालीस. ते ॲनिमेशन करणारा मुलगा दोन वर्षं उत्तर देत नाही, म्हणजे हो नव्हे.

पॅट्रियन या वर्गणीच्या साइटवर पैसे भरेल त्यालाच डाउनलोड, असं कुलूप लावू नकोस. क्रिएशन किटने, म्हणजे बेथेस्डाच्याच मॉड करायच्या साधनाने, केलेलं काम बेथेस्डाच्या परवानगीशिवाय विकायचं नाही, हे किटच्या अटींतच आहे. देणगी मागणं वेगळं. २०१७ च्या क्रिएशन क्लबमध्ये, बेथेस्डाच्याच विकाऊ मॉडच्या दुकानात, सुद्धा आधी फुकट दिलेला मॉड चालत नव्हता, सगळं नवीन लागायचं.

शिवाय पैसे घेतले की गिऱ्हाईक आलं. ११ नोव्हेंबर २०२१ ला खेळाची १.६ आवृत्ती आली. एक्झीमधले, म्हणजे खेळाच्या मुख्य फाइलमधले, पत्ते सरकले आणि स्क्रिप्ट एक्सटेंडर या जोड-साधनावर चालणारे डीएलएल (कोडचे छोटे तुकडे) नव्याने बांधेपर्यंत बंद पडले. तुझी होडी लाटांवर डोलते ती अशाच डीएलएलवर. फुकट असताना लोक थांबतात. पैसे दिलेला माणूस रात्री दोनला लिहितो. कोणी अर्ध्या खेळात मॉड काढला तर स्क्रिप्टचे अवशेष त्याच्या साठवलेल्या खेळात (सेव्हमध्ये) राहतात आणि दोष तुझ्यावर येतो. हे वर्णनात पहिल्या ओळीतच लिही.

बघ, प्रवचन झालं. आई आत्ताच म्हणाली, ‘पत्र लिहिताय की नोटीस?’ माफ कर. पुण्यातली नोकरी या महिनाअखेरीस सोडणं तुझ्या हातात आहे, त्यावर मी बोलणार नाही. सहा महिन्यांचं भाडं बाजूला आहे ना, एवढंच विचारतो. आणि अमेरिकेतून पैसे येणार असतील तर डब्ल्यू-८ बेन हा तिथला कराचा फॉर्म आधी भर, नाहीतर तिकडेच जास्त कर कापतील.

होडीचा व्हिडिओ मी कोणाला दाखवलेला नाही. म्हणजे शेजारच्या भाऊंना दाखवला, आणि बँकेत दोघांना. भाऊंनी विचारलं, वल्हवतो कोण?

नेवऱ्या उद्या बसने पाठवतो. वल्ही तुझी तू कर, हाताच्या सहा-सात हालचाली आहेत. तात्यांचा जुना व्हिडिओ हवा असेल तर सांग, त्यात ते खाडीत वल्हवताना स्पष्ट दिसतात.

तुझे,
बाबा