चि. मनूस, हर्णैहून

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझी आणि आईची जुंपली तेव्हा मी पडवीतच होतो. स्पीकर चालू होता, त्यामुळे सगळं ऐकलं. रात्री जेवताना तिने विषय काढला नाही, म्हणजे लागलंय तिला. तिला फोन कर. मी मध्ये पडणार नाही, आणि नोकरीचं काही लिहायचं नाही असं ठरवूनच बसलोय.

मला समजलं ते असं. तुझ्या संशोधनात आधी थोड्या लोकांवर प्रयोग केला तेव्हा फरक दिसला, माणसं वाढवल्यावर तो विरून गेला. वरचे म्हणतात पहिलं आहे तेवढं छापू, तू म्हणतेस नाही. आईचं म्हणणं, छापून मोकळी हो, पुढची ऑर्डर तरी हातात येईल. तिला दोष देऊ नकोस गं. माझी रोजंदारीची वर्षं तिने काढली आहेत. कायम झालो त्या दिवशी तिने देवापुढे नारळ फोडला आणि मग वाण्याची वही मिटवायला गेली. मार्चमध्ये तुझं कंत्राट संपतं, हे तिला झोपू देत नाही. मलाही.

आला बघ विषय. सोडतो.

तूच मागे सांगितलं होतंस, 2015 साली मानसशास्त्रातले 100 प्रयोग पुन्हा करून पाहिले. मूळ 97 ठिकाणी ‘फरक आहे’ असं निघालं होतं, दुसऱ्या खेपेला जेमतेम 36 टक्के ठिकाणी निघालं. मी विचारलं, बाकीचे खोटं बोलले का? तू म्हणालीस, तसं नाही बाबा, माणसं थोडी असली की योगायोगही फरकासारखा दिसतो. आणि दिसलेलं छापतात, न दिसलेलं कपाटात राहतं. मुळात फरक नसला तरी वीसात एकदा आकडे फसवणार, हे तुम्ही धरूनच चालता म्हणे. कशेडीच्या उतारावर वीसात एकदा ब्रेक लागला नाही तर कोण बसेल गाडीत? तेव्हा तू पुन्हा मोजलंस हे बरोबरच आहे. आईसमोर मी हे बोललो नाही, घरात राहायचंय मला.

लंडनच्या टॅक्सीवाल्यांची गोष्ट मी अजून सगळ्यांना सांगतो. परवान्यासाठी तीन-चार वर्षं घासून 25 हजार रस्ते पाठ करायचे, आणि मग मेंदूत वाटा लक्षात ठेवणारा जो हिप्पोकॅम्पस, त्याचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा निघतो. ड्रायव्हरची जात म्हणून मी खूश. तर तू लगेच 2006 चा दुसरा अभ्यास काढलास: बसवाल्यांमध्ये तसं काही दिसलं नाही, कारण ते ठरलेल्या मार्गावर जातात. हसून हसून सांगितलंस ते. अगं, दापोलीहून रात्री वस्तीची गाडी घेऊन निघालेल्या माणसाला विचार, पावसात दरड आली की ठरलेला मार्ग म्हणजे काय! पण टॅक्सीवाल्यांना नवीन आकृती बघून नंतर आठवून काढायला जड जातं म्हणालीस, तेव्हा जरा बरं वाटलं. टॅक्सीवाल्यांचा तो अभ्यास करणाऱ्या मॅग्वायर बाई जानेवारी 2025 मध्ये गेल्या तेव्हा तू फोनवर किती वेळ गप्प होतीस. त्या स्वतः वाटा चुकायच्या म्हणे. तूही दापोलीच्या बाजारात दोनदा विचारतेस, स्टँड कुठे.

आबा मात्र टॅक्सीवाल्यांच्या पंगतीतले. डावा अंगठा डोळ्यासमोर धरून एक डोळा मिटायचे. दीपगृह आणि मागच्या डोंगराचं टोक एका रेषेत आलं की होडी सरळ त्या रेषेत ठेवायची, आणि उत्तरेला आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीचा कळस मागच्या खिंडीत बसला की थांबायचं. दोन रेषा जिथे मिळतील तिथे खडक, जाळं सांभाळ. तू ओकत होतीस होडीत, तरी विचारलंसच, ‘आबा, धुक्यात कसं?’ आबांनी दोरीला बांधलेलं शिसं सोडून वर आलेला चिखल तुझ्या तळहातावर ठेवला. आता नानाचा सुरेश जीपीएसवर आकडे बघतो. काठाकडे कोणी बघत नाही.

तेच आबा बंदरातून घरी येताना वाट चुकून पाजपंढरीच्या रस्त्याला लागले तेव्हा आपण हसलो होतो. त्यानंतर कितीतरी महिन्यांनी नावं जायला लागली. नॉर्वेच्या मोझर जोडप्याला 2005 साली उंदरांच्या मेंदूत जिथे त्या जाळीसारख्या जागा मोजणाऱ्या पेशी सापडल्या, 2014 चं नोबेलही मिळालं, माणसात तोच भाग हा विसरण्याचा आजार, अल्झायमर, अगदी सुरुवातीला धरतो, असं तू समजावलंस. त्या दिवसापासून तू या विषयात का गेलीस हे मी कोणाला विचारलं नाही.

पण विषय कितीही मोठा असो, माणसाला पगार लागतो. तुझी नेट झालेली आहे. प्राध्यापकांच्या जाहिराती बघत जा. रत्नागिरीला जागा निघाली तर अर्ज करायला काय जातं? पीएफ कापतात का तुमचा? आजारी पडलीस तर कोण देतं? दोन वर्षं इथे, दोन वर्षं तिथे, असं कुठवर? बत्तीस म्हणजे काही...

राहू दे. रागावू नकोस. एकदा लागलं की मला गिअर बदलता येत नाही.

डेपोच्या कँटीनला आम्ही रिटायर लोक जमतो. काल सांगितलं, पोरीने स्वतःचाच निकाल स्वतः खोडला. शिंदे म्हणाला, म्हणजे नापास झाली का? मी त्याला टॅक्सीवाल्यांपासून सगळं सांगितलं, चहा गार होईपर्यंत. शेवटी म्हणाला, मग पगारवाढ मिळेल ना? तर असे लोक.



बंगळूरच्या गाडीने पार्सल टाकलंय. आमसुलं, कुळथाचं पीठ, आणि सोडे वेगळ्या डब्यात आहेत. ते ऑफिसच्या फ्रीजमध्ये ठेवू नकोस, गेल्या वेळी बोभाटा झाला होता.

तुझा,
बाबा

ता. क. खोली सोडायची तर घरमालकाला महिनाभर आधी सांगावं लागतं ना? म्हणजे फेब्रुवारीत. सहज विचारलं.