गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवायचं पत्र

सोलापूर

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

आरसी बुक, इन्शुरन्स आणि मॅन्युअल एकत्र बांधून दिलंय, त्यातच हे पत्र ठेव. परवा तू फोनवर विचारलंस की दुकानदार तुझ्या स्प्लेंडरला २०डब्ल्यू-४० इंजिन ऑइल घे म्हणतोय, "सोलापूरचं ऊन आहे, जाड ऑइलच पाहिजे," तर घेऊ का? घेऊ नकोस. फोनवर नुसतं नको म्हटलं तर पुढचा दुकानदार पुन्हा तेच सांगेल आणि तू पुन्हा गोंधळशील, म्हणून नीट लिहितो.

आपल्या गाडीला कंपनीने सांगितलेल्या ऑइलच्या डब्यावर १०डब्ल्यू-३० लिहिलेलं असतं. 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा ऑइल थंड असताना किती पातळ राहतं ते सांगतो. आकडा जितका लहान तितकं ते थंडीत पटकन वाहतं. मागचा ३० हा १०० अंश सेल्सिअसला मोजलेला दाटपणा. ३० नंबर म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक (दाटपणाचं माप), ४० म्हणजे १२.५ ते १६.३. आता सकाळी गाडी सुरू होते तेव्हा काय होतं बघ. रात्रभरात सगळं ऑइल खाली उतरलेलं असतं. पंपाने ते उचलून वर हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या डोक्यात, व्हॉल्व्ह हलवणाऱ्या कॅम आणि रॉकरपर्यंत पोचवायचं, आणि पोचेपर्यंत लोखंडावर लोखंड जवळजवळ कोरडं घासतं. झीज सगळ्यात जास्त तिथेच. २०डब्ल्यू-४० या वेळी १०डब्ल्यू-३० पेक्षा बरंच घट्ट असतं, म्हणजे वर पोचायला उशीर. शिवाय शंभर सीसीच्या इंजिनाला जाड ऑइल घुसळायलाच जास्त ताकद लागते, ती ॲव्हरेजमधून जाते.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ वर जातो, एअर कूल्ड इंजिनाचं ऑइल जास्त तापतं, हे खरंच आहे. पण कंपनीने ३० नंबर ठरवला तो हे ऊन धरूनच. गाडी विदर्भातही विकली जाते. उन्हाळ्याचा उपाय जाड ऑइल हा नव्हे, लेव्हल बरोबर ठेवणं आणि ऑइल वेळेवर बदलणं हा आहे. मोटरसायकलचं इंजिन जेमतेम लिटरभर ऑइलवर चालतं. त्यातलं दोनशे मिली कमी झालं तर उरलेल्याला तेवढीच उष्णता वाहावी लागते. इंजिन झिजून ऑइल प्यायला लागलं की काही मेकॅनिक जाड ऑइल सुचवतात. त्याने धूर थोडा कमी दिसतो, पिस्टनच्या झिजलेल्या रिंगा काही नव्या होत नाहीत.

आता डब्यावरची दुसरी खूण, आणि माझ्या मते ही पहिलीपेक्षा महत्त्वाची. जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२, म्हणजे ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणारं ऑइल. मोटरसायकलमध्ये एकच ऑइल तीन कामं करतं: इंजिन, गिअर आणि क्लच. क्लचप्लेटा ऑइलमध्ये बुडालेल्या असतात आणि तरी त्यांनी एकमेकींना घट्ट धरायचं असतं. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं घातलेली असतात, कारण कारचा क्लच बाहेर, कोरडा. ते ऑइल आपल्या गाडीत घातलं की प्लेटा घसरायला लागतात: ॲक्सिलरेटर पिळला की इंजिन ओरडतं, गाडी तेवढी पळत नाही. ऑइल महाग आणि नावाजलेलं असलं म्हणून हे चुकत नाही.

यात एक खास फसवणारी गोष्ट. आईच्या स्कूटरचं ऑइल पण १०डब्ल्यू-३० असतं, डबाही सारखाच दिसतो, पण त्यावर एमबी लिहिलेलं असतं. स्कूटरचा क्लच कोरडा, म्हणून तिला एमबी चालतं आणि ॲव्हरेजही बरं देतं. त्या डब्यात उरलेलं शंभर-दीडशे मिली तुझ्या गाडीत टॉप-अपला घालू नकोस. तसंच ट्रॅक्टर-ट्रकचं १५डब्ल्यू-४०. कुणी म्हणेल "डिझेलचं ऑइल दणकट असतं." असेल, त्याच्या जागी.

तिसरी खूण एपीआय, म्हणजे अमेरिकी मानकाचा दर्जा: एसजे, एसएल, एसएम, एसएन. दुसरं अक्षर जितकं पुढचं तितका दर्जा नवीन. मॅन्युअलमध्ये लिहिलंय ते किंवा त्याच्या पुढचं घे, मागचं घेऊ नकोस. मिनरल, सेमी की फुल सिंथेटिक यावर डोकं फोडू नकोस. सिंथेटिक तापून लवकर बिघडत नाही, एवढं खरं. पण शंभर सीसीची गाडी पन्नासने चालवायची आणि तीन हजार किलोमीटरला ऑइल बदलायचं, तर दुप्पट पैसे देण्यात अर्थ नाही. उन्हाळ्यापुरतं सेमी घातलंस तर माझी हरकत नाही.

डबा घेताना झाकणाचं सील, बॅच नंबर आणि तारीख बघ, आणि बिल माग. घरी रिकामा झालेला डबा भंगारात देण्याआधी त्याला चाकूने आडवा चिरा दे. चांगल्या कंपनीचे धड डबे पुन्हा भरून विकले जातात.

बदलायचं कधी? मॅन्युअलमधला किलोमीटरचा आकडा चांगल्या वापरासाठीचा आहे. तुझा वापर तसा नाही: अक्कलकोट रोडची धूळ, सात रस्त्याला सिग्नलवर उभं राहणं, ऊन, कमी अंतराच्या फेऱ्या. तीन हजार धर. रोज तीसेक किलोमीटर होत असतील तर सव्वातीन महिने. गॅरेजवाला दीड हजाराला बदला म्हणेल, तेवढी घाई नको. रंगावरूनही ठरवू नकोस. ऑइल काळं पडतं ते काजळी आणि मळ धरून ठेवतं म्हणून, ते त्याचं कामच आहे. मात्र गिअर पूर्वीसारखे मऊ पडत नाहीत, न्यूट्रल सापडायला त्रास होतो, असं वाटलं तर किलोमीटर बघ. गिअरच्या दातांत चिरडून ऑइल पातळ होत जातं, त्याची ही खूण. आणि ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर त्यात पाणी गेलंय. गाडी चालवू नकोस, लगेच बदल.

लेव्हल दर पंधरा दिवसांनी बघायची. गाडी मेन स्टँडवर, सपाट जागी. साइड स्टँडवर कललेल्या गाडीत आकडा खोटा येतो. तीन-चार मिनिटं इंजिन चालू ठेव, बंद कर, दोन-तीन मिनिटं थांब. उजव्या बाजूची डिपस्टिक (ऑइल मोजायची काडी) काढ, पूस, आणि आटे न फिरवता नुसती टेकव. फिरवून बसवलीस तर काडी आत जास्त बुडते आणि कमी असलेलं ऑइलसुद्धा पुरेसं दिसतं. वरच्या आणि खालच्या खुणेच्या मध्ये असलं की झालं. वरच्या खुणेपुढे भरू नकोस. जास्तीचं ऑइल आत फिरणारा क्रँक घुसळतो, त्याला फेस येतो आणि ते इंजिनातली हवा सोडणाऱ्या ब्रीदरच्या नळीतून एअर फिल्टरमध्ये जाऊन बसतं.

बदलायची कृती अशी. इंजिन कोमट असावं, म्हणजे तीन-चार मिनिटं चालवलेलं. पंढरपूरहून आल्या आल्या बसलीस तर हात पोळेल. खाली पसरट भांडं ठेव. पाच लिटरचा गोडेतेलाचा डबा आडवा कापला की उत्तम होतं. आधी डिपस्टिक काढून ठेव, म्हणजे हवा जाऊन ऑइल सरळ पडेल. इंजिनाच्या बुडाला ऑइल सोडायचा ड्रेन बोल्ट आहे, त्याला १७ चा रिंग पाना लाव. स्क्रू पाना लावू नकोस, कोपरे गोल होतात. खाली वाकून बोल्टकडे बघितलंस तर डावीकडे फिरवायचा. सुटत आला की बोटांनी आत दाबून धरत फिरव आणि एकदम बाजूला घे, नाहीतर बोल्ट ऑइलसकट भांड्यात. दहा मिनिटं निथळू दे.

तोवर बोल्ट पूस आणि ऑइल बघ. बोटाला बारीक चंदेरी भुकटी लागली तर चिंता नाही. टोचणारे कण किंवा तुकडे आले तर ते ठेवून दे आणि मेकॅनिकला दाखव. आलेलं ऑइल बाटलीत ओतून मोजायची सवय लाव. भरलं होतं त्यापेक्षा दोनशे मिलीहून जास्त कमी आलं आणि खाली कुठे गळतीचा डाग नाही, तर इंजिन ऑइल पितंय. मागून कुणाला तरी निळसर धूर बघायला सांग.

बोल्टाचा वायसर नवा टाक, दोन-पाच रुपयांची वस्तू आहे. जुना चेपलेला असतो. तो गळतो म्हणून माणसं बोल्ट आणखी आवळतात, आणि इंजिनाचं आवरण ॲल्युमिनियमचं असल्याने आटे जातात. घरी होणाऱ्या कामातलं सगळ्यात मोठं नुकसान हेच. बोल्ट आधी पूर्ण हाताने बसव. हाताने जात नसेल तर तिरका लागलाय, काढून पुन्हा लाव. टेकला की पान्याने पाव फेरा. बास.

भरताना सरळ डबा रिकामा करू नकोस. मॅन्युअलमध्ये दोन आकडे दिलेत: एक नुसतं ऑइल बदलताना, दुसरा इंजिन पूर्ण खोलल्यावर. आपला पहिला, कमी असलेला. थोडं जुनं ऑइल आतच राहतं, म्हणून तो कमी. आधी सहाशे मिली टाक, मग पन्नास-पन्नास करत डिपस्टिकवर बघत जा. मिनिटभर इंजिन चालव, थांब, पुन्हा बघ. रॉकेल किंवा डिझेल घालून इंजिन "धुवून" घेऊ नकोस. तेही पूर्ण निघत नाही आणि नव्या ऑइलला पातळ करतं.

पुसायला आपल्याकडे टॉवेलच्या कटपीसला तोटा नाही, पण टेरीचा, म्हणजे त्या टॉवेलच्या कापडाचा, तुकडा डिपस्टिकला किंवा ऑइलच्या तोंडाला लावू नकोस. त्याचे धागे सुटतात, आत जातात, आणि ऑइलच्या जाळीवर जाऊन बसतात. तिथे जुन्या सुती चादरीचा विणलेला तुकडा घे. टेरी बाहेरच्या कामाला ठेव. स्प्लेंडरला बाहेरून बदलायचा कागदी ऑइल फिल्टर नसतो. जाळी आणि फिरकीचा फिल्टर उजव्या कव्हरच्या आत असतो. ते कव्हर तू खोलू नकोस, गॅस्केट लागतं.

जुनं ऑइल गटारात किंवा झाडाच्या बुडाला ओतायचं नाही. बाटलीत भरून गॅरेजच्या पिंपात दे, ते पुढे विकतात. चेनला लावायचं तर मुळीच नको, त्यात धातूची भुकटी असते. चेनला ९० नंबरचं गिअर ऑइल. आपल्या चेनवर पूर्ण कव्हर आहे, त्याचा रबरी बूच काढून मागचं चाक हाताने फिरवत, इंजिन बंद ठेवून, थेंब थेंब सोड. त्याच बुचातून चेन वरखाली हलवून बघ: २० ते ३० मिलिमीटर खेळली पाहिजे. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी बघ, चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते. सर्वात घट्ट जागा धर. ताठ चेन सैल चेनपेक्षा वाईट, ती गिअरबॉक्सचं बेअरिंग खाते. ताण दिल्यावर दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आल्या का बघ, आणि हे बरेच जण विसरतात: चाक मागे गेलं की मागचा ब्रेक आपोआप आवळला जातो. ब्रेकच्या रॉडचा नट सैल करून पेडलला २० ते ३० मिलिमीटर मोकळीक पुन्हा दे. नाहीतर ब्रेक लागूनच राहील, ड्रम तापेल, आणि तुला वाटेल पेट्रोल खराब आलंय.

तू राहतेस तिकडे यंत्रमागाचा तंतू हवेत असतो, त्यामुळे एअर फिल्टर लवकर उघडून बघ. कागद तेलकट चिकट लागला तर तो धुवायचा किंवा हवा मारायचा प्रकार नाही, सरळ बदलायचा. स्पंज असेल तर रॉकेलमध्ये धुवून, न पिळता दाबून, सावलीत वाळवून, थोडं इंजिन ऑइल लावून पुन्हा दाबून बसवायचा.

क्लचच्या दांड्याला टोकाशी १० ते १५ मिलिमीटर मोकळीक हवी. क्लच घसरतोय वाटलं तर ऑइलवर संशय घेण्याआधी हे बघ. हवा पुढे २५ पीएसआय, मागे एकटी असताना २८, डबलसीट ४१. सकाळी टायर थंड असताना भर. दुपारी वाढलेला आकडा बघून हवा काढू नकोस. पावसात मडगार्डखाली काळी माती बसते, ती ओली असतानाच काठीने काढ; वाळली की सिमेंट होतं.

दर वेळी किलोमीटर आणि तारीख मॅन्युअलच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिही.

टॅपेटचं काम (व्हॉल्व्हची फट जुळवणं) घरी करू नकोस, त्याला फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) आणि सवय लागते. वरून टकटक वाढली की मेकॅनिककडे ने, पण आदल्या रात्रीच गाडी त्याच्याकडे लाव आणि सकाळी पहिलं आपलं काम करायला सांग. गरम इंजिनावर लावलेलं टॅपेट चुकतंच.

तुझा,
बाबा