'आपल्यात' म्हणजे नेमकं कोणाच्यात?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शाकंभरी पौर्णिमेची मांढरदेवीची यात्रा झाल्यावर आमच्या सोसायटीत एका घरी काळूबाईला मटणाचा नैवेद्य दाखवला. नंतरच्या बैठकीत त्या घरच्या सुनेला सगळ्यांदेखत सुनावलं गेलं, "हे आपल्यात बसत नाही." ती मान खाली घालून बसली. मीही गप्प राहिले. ते मनाला लागून आहे, म्हणून हे पत्र.

माझं माहेर फलटणचं, वारकरी. वडिलांच्या गळ्यात तुळशीची माळ. सासर कराड तालुक्यातलं, कुलदैवत पालीचा खंडोबा. लग्नानंतर जागरण घातलं, तेव्हा वडील रात्रभर वाघ्या-मुरळींसमोर बसले, कपाळी भंडारा लावून घेतला आणि तळी उचलताना 'येळकोट येळकोट' म्हणाले. दुसऱ्या दिवशी बकऱ्याची पंगत होती. सासूबाईंनी त्यांच्यासाठी वेगळ्या चुलीवर पिठलं-भाकरी केली. त्याच सासूबाई आषाढीपासून चंपाषष्ठीपर्यंत वांग्याला शिवत नसत.

फलटणला आमच्या शेजारी महानुभाव कुटुंब होतं. फलटण म्हणजे पंचकृष्णांपैकी, म्हणजे महानुभाव मानतात त्या पाच अवतारांपैकी, चक्रपाणींचं गाव. पंचकृष्णांखेरीज दुसऱ्या देवाचा प्रसाद ती माणसं घेत नसत. खरं तर नैवेद्याआधी कोणाला वाढायचं नसतं, पण गणपतीत आई त्यांच्या मुलांसाठी खिरीची वाटी आधीच काढून ठेवायची. गणपती रागावेल असं तिला कधी वाटलं नाही.

एकादशीसुद्धा कधी कधी पंचांगात दोन दिवस असते, एक स्मार्त, एक भागवत. वाई तालुक्यातच बघा. धर्मशास्त्राची वचनं जमवून धर्मकोश सिद्ध करणारी प्राज्ञपाठशाळा तिथली आणि काळूबाईचा डोंगरही तिथलाच. मग 'आपल्यात' यातलं कोण?

मांढरदेवीच्या यात्रेत २००५ च्या चेंगराचेंगरीत जवळपास ३०० भाविक गेले. आज गडावर पशुहत्येला बंदी आहे आणि ती पाळलीच पाहिजे. कोणाला बळी देणं पटत नसेल तर त्याने तसं जरूर बोलावं, माझ्या वडिलांनाही ते पटत नव्हतं. पण आपल्याला पटत नाही म्हणून दुसऱ्याची कुळाची देवी धर्माबाहेर काढण्याचा हक्क कोणी दिला?

पुढच्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे. ज्या सगळ्यांदेखत त्या मुलीला बोललं गेलं, त्याच सगळ्यांदेखत तिची माफी मागितली जावी, एवढीच माझी मागणी आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा